जुन्या जीपचं पुढच्या चाकाचं बेरिंग घरीच बदलायचंय, कुणी केलंय का?

कोयनाकाठ
मंडळी, वडिलांची सीजे ३बी जीप आहे. मिलिटरीच्या लिलावातली, मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली. आता ती कुठे लांब जात नाही. शेत, घर, पाटणचा बाजार, एवढंच. पण रोज चालते आणि वाटेत एक ओढा आहे. पावसाळ्यात त्यात हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत पाणी असतं.

गेल्या पंधरा दिवसांपासून पुढच्या उजव्या चाकातून घर्रर्र असा आवाज येतोय, दळणाची चक्की लांबून ऐकू यावी तसा. चाळीसच्या वर गेलं की वाढतो. डावीकडे वळताना जास्त, उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद. चाक उचलून वरून-खालून धरून हलवलं तर टक्-टक् लागतंय.

गावातल्या फिटरने लांबूनच ऐकलं आणि म्हणाला, "हब, स्टब, किंगपिन, सगळंच गेलंय, दोन्ही बाजूंचं करू." (स्टब म्हणजे हब ज्यावर फिरतं ती नळी, किंगपिन म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खिळी.) आकडा ऐकून वडील नुसते हसले. मी घरी करायचं म्हणतोय. गेल्या जूनमध्ये दोन्ही पुढची चाकं उघडून ग्रीस मीच भरलं होतं, त्यामुळे आत काय असतं ते माहीत आहे. बेरिंग मात्र कधी बदललेलं नाही. कप कसा काढायचा, काय काय आणून ठेवायचं, सांगा.

मुळशीकर
भाऊ, पाना हातात घ्यायच्या आधी एक तपासणी कर. फुकट आहे, पाच मिनिटांची आहे आणि तुझ्या फिटरने केलेली नाही.

चाक उचल. एकाला सीटवर बसवून ब्रेक दाबून धरायला सांग. आता परत वर-खाली धरून हलव. ब्रेक दाबल्यावर टक्-टक् थांबली तर ढिलाई बेरिंगची. ब्रेक दाबूनही हलतंच असेल तर किंगपिनची. कारण सरळ आहे. ब्रेक लागला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात, मग बेरिंगला हलायला जागाच उरत नाही. तरीही हलतंय म्हणजे प्लेटच्या मागचं काहीतरी हलतंय.

जीपचं किंगपिन ढिलं असलं तरी लोक चाकाचं बेरिंग बदलत बसतात. मी स्वतः एकदा बदललंय. दोन हजार रुपये आणि एक रविवार गेला, टक्-टक् तशीच. शेवटी किंगपिनच्या टोपीखालची एक शिम (पातळ पत्र्याची चकती) काढली आणि काम झालं.

स्प्लेंडर९८
आमच्या गाडीला पुढच्या चाकात ६३०१ची जोडी. जुनी मारून काढायची, नवी मारून बसवायची, चहा निवायच्या आत काम संपतं. तुमच्या जीपला एवढा बाऊ कशाला?

कोयनाकाठ
मुळशीकर, केली तपासणी. बायकोला ब्रेकवर बसवलं. टक्-टक् पूर्ण थांबली! म्हणजे किंगपिन सुटलं. दुसरं म्हणजे एका हाताने चाक फिरवून दुसरा हात पाट्यांच्या स्प्रिंगवर ठेवला, तर हाताला खरखर जाणवतेय. डाव्या बाजूला तसं काही नाही.

बेरिंगवाले काका
उशिरा येतोय, पण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. चिंचवडच्या एका बेरिंग कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी विभागात. गिऱ्हाइकांकडून परत आलेली मेलेली बेरिंगं बघायची आणि ती कशाने मेली ते सांगायचं, हे माझं काम. बायको म्हणायची, पोस्टमॉर्टेमवाला.

आधी स्प्लेंडरवाल्यांना. तुमचं ६३०१ म्हणजे गोळ्यांचं बेरिंग. आतल्या आणि बाहेरच्या रिंगमधलं अंतर कारखान्यातच ठरून येतं, तुम्ही फक्त बसवायचं. नंबर कसा वाचायचा तेही सांगतो, दुकानात उपयोगी पडेल. शेवटचे दोन आकडे म्हणजे आतलं भोक. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. ६२०४चं भोक २०, ६२०५चं २५. तुमचं ६३०१ आतून १२, बाहेरून ३७, जाडी १२. पुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘२आरएस’ असेल तर रबराची. चिखलात चालणाऱ्या गाडीला रबराचंच घ्या.

आता जीप. इथे टेपर रोलर आहे, म्हणजे निमुळते रोलर. हेन्री टिमकेनने १८९८ साली याचं पेटंट घेतलं ते घोडागाडीच्या चाकांसाठी, कारण वळताना चाकावर आडवा रेटा येतो आणि सरळ रोलर तो पेलत नाही. यात दोन वेगळे भाग. रोलरांसकट आतला तो कोन आणि हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग तो कप. विलीसच्या घराण्यातल्या या जीपच्या पुढच्या हबला आतलं आणि बाहेरचं एकाच मापाचं लागतं. कोन १८५९०, कप १८५२०. भोक १ पूर्णांक ५/८ इंच, बाहेरून २ पूर्णांक ७/८ इंच. तरी जुनं बेरिंग सोबत घेऊनच दुकानात जा. एवढ्या वर्षांत कुणी काय बसवलंय सांगता येत नाही.

गोळ्यांच्या बेरिंगशी फरक हा की इथे अंतर कारखान्यात ठरत नाही. नट आवळणारा ठरवतो. म्हणून आवळणाऱ्याचा हात जेवढा चांगला, तेवढंच टेपर बेरिंग चांगलं. नव्या कोनाला जुना कप असलं लग्न लावू नका. जोडीच बदला.

उघडल्यावर पुसून फोटो टाका, मग पुढचं बोलू. आणि हो, ड्रममधली धूळ फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

८००ची मालकीण
काका, तुमचं वाचून माझी जखम ओली झाली. नव्वदच्या दशकातली मारुती ८०० आहे माझ्याकडे. पुढच्या चाकाचं बेरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या भागात, दाबून बसवलेलं असतं. आमच्या शेजारच्यांनी उत्साहाने घरीच घणाने ठोकून बसवलं. चार महिन्यांत परत आवाज.

बेरिंगवाले काका
ताई, चार महिने टिकलं हेच नशीब. बाहेरची रिंग बसवताना घाव आतल्या रिंगवर पडला की तो गोळ्यांतून जातो आणि रिंगच्या वाटेवर प्रत्येक गोळीखाली एक बारीक खळगा पडतो. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येतो. जी रिंग घट्ट बसवायची असेल तिलाच दाब द्यायचा. ८००चं काम प्रेसवर करून घ्या. नकल सोडवून नेलीत तर लेथवाला दाबून देईल, मजुरी फार नसते.

मुळशीकर
कोयनाकाठ, उघडायच्या आधी दोन गोष्टी. सीजेचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) तो हँडब्रेक नसल्यासारखाच, गाडी निवांत चालू लागते. तुझं काम पुढचं आहे, तरी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव. जॅकच्या भरवशावर हात आत घालू नकोस. अॅक्सलखाली स्टँड नाहीतर लाकडाचा जाड ओंडका हवा. मातीची जमीन असेल तर जॅकखाली फळी.

दुसरं, त्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असू शकतात. उजवीकडे तुला अडचण नाही, पण डावीकडे गेलास की बोल्टाच्या टोकावर ‘एल’ आहे का बघ. मी पान्याला पाइप लावून एक बोल्ट तोडल्यावर बघितला होता.

कोयनाकाठ
रविवारी सकाळी सात वाजता बसलो. क्रमाने सांगतो, पुढे कुणाला उपयोग होईल.

हबची टोपी ठोकून काढली. आत कॉटर पिन आणि नट. काही गाड्यांना तिथे नटाऐवजी लॉकची रिंग असते म्हणे. मग फ्लँजचे (शाफ्टचा जोर हबला देणाऱ्या तबकडीचे) सहा बोल्ट. फ्लँज चिकटून बसलेलं, लाकडावरून हातोडा मारत फिरवत फिरवत सुटलं. त्यामागे पातळ शिमा निघाल्या, त्या डब्यात जपून ठेवल्या. मग बाहेरचा चेकनट (आतला नट हलू नये म्हणून वरून आवळतात तो), जिभेचा वायसर, आतला नट. हे नट २ पूर्णांक १/१६ इंची. लोक छिन्नी लावून ठोकतात, म्हणून माझ्या नटाचे कोपरे गोल झालेले होते. कराडहून नळीचा पाना आणला, तेव्हा कुठे नीट पकड बसली.

ड्रम हबसकट बाहेर आला आणि वास आला. जळलेल्या ग्रीसचा. बाहेरचं बेरिंग ठीक वाटलं. आतल्याच्या बाजूचं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालेलं. डिझेलमध्ये धुतलं (रॉकेल आता मिळतंय कुठे) तर कोनाची मोठी कड निळी-तपकिरी. कपात एका बाजूला, पाव घेराएवढ्या भागात, पापुद्रे निघालेत. नख फिरवलं तर अडकतं. ऑइल सीलचं ओठ कडक होऊन चिरलंय.

फोटो टाकतोय. ओढ्याचं पाणी शिरलं, त्याने गेलं. बरोबर ना?

बेरिंगवाले काका
अर्धं बरोबर.

दुधी ग्रीस म्हणजे पाणी, यात शंका नाही. सील चिरलं, तिथून आलं. पण पाण्याने पोलाद निळं पडत नाही. पाण्याने काळपट डाग पडतात. रोलर एका जागी थांबून राहिले असतील तर रोलरांच्या अंतराने आडव्या रेघा उमटतात. निळा रंग म्हणजे उष्णता, आणि तीही मोठ्या कडेला. टेपर रोलरची मोठी बाजू कोनाच्या कडेवर घासत चालते. बेरिंग गरजेपेक्षा जास्त आवळलं की पहिला मार त्या कडेला बसतो. मग रिंगांचे पापुद्रे निघतात, धातू झिजतो आणि आवळलेलं बेरिंग ढिलं होऊन टक्-टक् करायला लागतं. म्हणून सगळ्यांना वाटतं, नट ढिला राहिला होता.

एक विचारतो, राग मानू नका. जूनमध्ये तो नट कसा आवळला होता?

कोयनाकाठ
काका… पाइप लावून.

चाक निसटू नये म्हणून. वडील तेव्हा म्हणाले होते, "अरे, चाक फिरायला पायजे, भिंत बांधतोयस का?" मी म्हटलं, घट्ट असलेलं बरं. आणि चाक फिरत होतं की, हाताने थोडं जड, पण फिरत होतं.

स्प्लेंडर९८
😀 काकांनी एफआयआर फाडला.

बेरिंगवाले काका
हसू नका, दहातले सहा-सात असेच मरायचे आमच्या टेबलावर. ढिलं बेरिंग ओरडतं, म्हणून माणूस लक्ष देतो. आवळलेलं गुपचूप गरम होत राहतं.

लेथमास्तर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. आता कपाचं माझ्याकडून घ्या.

हबच्या आत कपाच्या मागे दोन खाचा असतात, तिथून पंच लावायचा. पंच पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा. छिन्नी नको, हब खरवडतोय. एक घाव या खाचेत, एक समोरच्या. एकाच बाजूला हाणत बसलास तर कप तिरका अडकणार आणि मग तू आणि तो, दोघंच.

नाहीच निघाला तर कपाच्या आतल्या बाजूने गोल एक वेल्डिंगची रेघ ओढायची. गार झाला की कप आकसतोय आणि हाताने खाली पडतोय. नवीन बसवायला कुठलं हत्यार घ्यायला जाऊ नको. जुन्याच कपाचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर जरासा घासायचा, म्हणजे तो हबात अडकत नाही, आणि तोच नव्या कपावर उलटा ठेवून ठोकायचा. नवा कप आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेव. वहिनींना विचारून.

बेरिंगवाले काका
मास्तर, वेल्डिंगची युक्ती चालते, मी नाकारत नाही. फक्त अर्थिंगचा चिमटा हबलाच लावा. हब गाडीवर असताना चिमटा चासीला लावून वेल्डिंग मारलं की करंट दुसऱ्या बेरिंगांतून जातो आणि त्यांच्या वाटेवर ठिणग्यांचे डाग पडतात. असली बेरिंगंही पुष्कळ पाहिलीत.

लेथमास्तर
हब टेबलावर काढूनच म्हणतोय हो काका. गाडीवर वेल्डिंग कोण मारतंय.

८००ची मालकीण
मारतात हो. आमचे शेजारी.

कोयनाकाठ
दोन्ही कप निघाले, वेल्डिंगची गरज पडली नाही. बाहेरचं बेरिंग ठीक दिसत होतं तरी एकाच हबमध्ये एक नवं एक जुनं नको म्हणून दोन्ही जोड्या आणल्या. दुकानदाराने आधी एक निम्म्या किमतीचा खोका पुढे केला. छपाई पुसट, आतला कागद तेलकट आणि बेरिंगवरचा नंबर बोटाने चाचपता येईल असा खडबडीत. परत दिला.

कप बसताना आवाज बदलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. ठक् ठक् ठक् चालू असतं आणि तळाला टेकला की एकदम टण्ण. तिथे थांबलो. टॉर्च लावून पाहिलं, मागे फट नाही.

आता ग्रीस कुठलं आणि किती? घरात चासीच्या निपलांचं पिवळं ग्रीस आहे.

बेरिंगवाले काका
ते टण्ण ऐकू आलं म्हणजे काम शिकलात.

पिवळं ग्रीस किंगपिनला आणि पाट्यांना ठेवा. ते बहुधा कॅल्शियमचं असतं. पाण्याला चांगलं, पण शंभर अंशांच्या आतच पातळ होऊन वाहतं, आणि शेजारी ब्रेकचा ड्रम आहे. चाकाला लिथियमचं, दोन नंबरचं. ते १८०-१९० अंशांपर्यंत पातळ होऊन वाहत नाही. जुनं पूर्ण धुऊन, सुकवून मगच नवं भरा, दोन्ही मिसळू नका. सुकवताना हवेच्या नळीने बेरिंग गरगर फिरवायचा मोह होतो. आवाज छान येतो, पण नको. रोलर सुटून तोंडावर येतो.

डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या. कोनाची रुंद बाजू त्यात खाली दाबत ओढा, वरच्या निमुळत्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. बोटाने वरून चोपडलेलं आत जात नाही. हबच्या पोकळीत मात्र गच्च भरू नका. ग्रीस गरम होऊन फुगतं आणि सील फोडून लायनरवर जातं. सीलचं स्प्रिंगवालं ओठ बेरिंगच्या बाजूला.

मुळशीकर
आणि फ्लँज बंद करायच्या आधी बघ, स्टबच्या आतून गिअर ऑइल येतंय का. आतलं सील गेलं असेल तर डिफरन्शिअलचं ९० नंबरचं ऑइल बाहेर येऊन सगळं ग्रीस धुऊन नेतं. हाउसिंगचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) साफ कर. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधूनच वाट काढतं. ओढ्यातल्या गाडीचा तर बुजलेलाच असतो.

कोयनाकाठ
ब्रीदर बुजलेलाच होता. तारेने मोकळा केला. ऑइल येत नाहीये.

सगळं बसवलं. नट या वेळी पाइप न लावता, चाक फिरवत फिरवत आवळला, हाताला अडल्यासारखं वाटेपर्यंत. मग थोडासा मागे घेतला. चेकनट लावला. आठ किलोमीटर फिरवून आणली. आवाज गायब! पण हबला हात लावला तर चटका बसेल एवढा गरम. डावा कोमट. ब्रेक घासत नाहीये, ते आधी बघितलं.

बेरिंगवाले काका
‘थोडासा’ म्हणजे किती?

कोयनाकाठ
अंदाजाने. बोटभर.

बेरिंगवाले काका
अंदाज नको. हा नट षट्कोनी आहे आणि मागे घ्यायचं माप आहे एक षष्ठांश फेरा. म्हणजे एक पैलू. नटाच्या एका पैलूवर खडूने खूण करा, पाना लावा, शेजारचा पैलू त्या जागी येईपर्यंत सोडा. चाक फिरवत अडेपर्यंत आवळायचं ते रोलर जागेवर बसावेत म्हणून, आणि एक पैलू सोडायचं ते गरम होऊन फुगायला जागा राहावी म्हणून.

आता लोक फसतात ते इथे. चेकनट आवळला की तो आतल्या नटाला आणखी आत ढकलतो, आट्यांमधली फट संपते म्हणून. त्यामुळे तपासणी चेकनट आवळून झाल्यावर करायची, आधी नाही. तुम्ही सोडलेलं बोटभर चेकनटने खाल्लंय. परत खोला, पूर्ण पैलू सोडा, चेकनट आवळा, मग चाक हलवून बघा. अडखळ नको आणि टक्-टक्ही नको. टक्-टक् जाणवली तर किंचित आवळा आणि परत सगळं तेच. झालं की वायसरची जीभ नटाच्या पैलूवर ठोकून मोडा. जुनी जीभ दोनदा वाकलेली असेल तर वायसर नवा घ्या, पाच-दहा रुपयांसाठी चाक घालवू नका.

इचलकरंजी_डिझेल
काका, मागच्या चाकालाही हेच का? माझ्या जीपचं मागचं बोंबलतंय.

मुळशीकर
काकांच्या आधी मी सांगतो. नाही! सीजेच्या मागे हब निमुळत्या शाफ्टवर चावीसकट घट्ट बसलेला असतो, दणकट पुलर लागतो. पुलर लावताना शाफ्टचा नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे सोडून तिथेच ठेवायचा. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा सुटतो. मागची ढिलाई नटाने नाही, ब्रेकप्लेटखालच्या शिमांनी जुळवायची असते. त्यासाठी वेगळा धागा काढ, फोटोंसकट.

कोयनाकाठ
तिसऱ्या वेळी जमलं. पैलूला खडू, काका म्हणाले तसं. चेकनट लावल्यावर पहिल्यांदा खरंच परत जड झालं होतं, हातालाच कळलं. वीस किलोमीटर फिरवली, ओढा टाळून. हब कोमट. पन्नासलाही आवाज नाही, आता फक्त टपाचा आवाज येतोय, तो आधी या घर्रर्रमध्ये ऐकूच येत नव्हता.

खर्च मांडून ठेवतो. दोन जोड्या बेरिंग, सील, वायसर, ग्रीस, नळीचा पाना मिळून फिटरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शात. आणि दोन रविवार.

वडील आले, चाक अजून जॅकवर होतं. त्यांनी एका बोटाने फिरवलं, थांबेपर्यंत बघत उभे राहिले. मग डाव्या बाजूला जाऊन त्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "हेबी तूच आवळलंवतंस न्हवं?"

पुढच्या रविवारी डावं उघडतोय. उलट्या आट्यांचं लक्षात आहे.